साठ घरांची खुर्ची आणि मी

मित्रांनो, परीक्षेला जाताना तुम्ही काखेत जे पॅड मारता ना, त्याची मी दूरची आजी. तुमचं पॅड चकचकीत, त्याच्यावर फुलं आणि मोटारी. मी साधी लाकडाची लिहायची फळी. वर पितळेचा चाप, खालचा उजवा कोपरा तिरका, आणि पाठीवर चहाच्या पेल्यांची गोल वर्तुळं. मोजलीत तर सतरा भरतील. ती कशी उमटली ते पुढे येईलच. आधी माझा जन्म ऐका.

मी एका मोडक्या कपाटाचं दार होते. एका सुताराच्या दुकानात भिंतीला पाठ लावून, जळणात जायची वाट पाहत उभी होते. एका दुपारी सुताराची भाची धावत आली. "मामा, मला नोकरी लागली!"

"कसली गं?"

"घरोघर जाऊन मोजायचं."

"माणसं?"

"गरिबी."

मामाचा रंधा थांबला. "ती कशानं मोजतात बाई? फुटपट्टीनं की तराजूनं?"

"प्रश्न विचारून, मामा. हसू नका."

"हसत नाही गं. पण लिहिणार कशावर? गुडघ्यावर? गुडघ्यावरचं अक्षर लंगडतं." असं म्हणून त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर माझ्यावर पडली. त्या एका नजरेचे उपकार मी आजवर फेडते आहे. त्याने मला कापलं, तासलं, घासलं, तेल पाजलं. शेवटच्या कोपऱ्याला मात्र करवत घसरली आणि तो तिरका गेला. मामा चुकचुकला. दुसरी फळी कापायला निघाला. भाची म्हणाली, "राहू द्या. शंभर फळ्यांत माझी मला ओळखू येईल."

मित्रांनो, व्यंग असलेल्या लेकराला आई जशी पटकन कडेवर घेते, तसं तिने मला उचललं. माझा तो कोपरा पुढे काय कामाला येणार होता, हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही.

लोक तिला मोजणीताई म्हणू लागले. आमचं काम असं. ताईच्या सरकारी विभागाने दहा प्रश्नांचा एक कागद छापला होता. दोन वेळचं जेवण होतं का? पाणी घरात येतं का? छप्पर गळतं का? बसायला खुर्ची आहे का? भिंतीवर घड्याळ आहे का? पाहुण्याला कपबशी आहे का? असे दहा. चांगल्या उत्तराला ताई बरोबरची खूण करायची, नसेल तिथे फुली. चार किंवा जास्त बरोबरच्या खुणा झाल्या की ते घर बरं. चाराच्या खाली ते घर गरजू.

आणि मग तुलना. ही मला ताईकडून कळली, तुम्हीही समजून घ्या. एका टोपलीत शंभर अंडी आहेत, त्यातली वीस फुटली. दुसरीत दहाच अंडी, त्यातली पाच फुटली. जास्त मार कुठल्या टोपलीला बसला? वीस मोठे म्हणून पहिलीला, असं म्हणाल तर फसाल. पहिल्या टोपलीत शंभरातली वीस गेली. दुसरीचा हिशोब शंभरावर नेला तर पन्नास. म्हणून लहान गल्ली आणि मोठी वस्ती शेजारी ठेवायची असेल तर नुसतं "किती घरं" विचारायचं नाही, "शंभरातली किती" विचारायचं.

आमच्या पहिल्याच कामात दोन वस्त्या होत्या. एक चढावरची, दगड फोडणाऱ्यांची, दोनशे घरांची. दुसरी नदीकाठची गल्ली, टोपल्या विणणाऱ्यांची, साठ घरांची. विभागाकडे दवाखाना एकच होता. परिचारिका नेमलेली, औषधांची पेटी बांधून तयार. जिथे शंभरातली जास्त घरं गरजू, तिथे तो उघडणार होता. बाकी दोन्ही वस्त्यांना मोठा दवाखाना दोन तासांच्या वाटेवर, टेकडी ओलांडून.

चढावरची वस्ती आम्ही आधी मोजली. दोनशे घरांत ऐंशी गरजू. म्हणजे शंभरात चाळीस.

मग नदीकाठ. विभागाची रीत अशी की आदल्या दिवशी दारोदार चिठ्ठी द्यायची: "उद्या मोजणी, घरी थांबावे." ताईने चिठ्ठ्या वाटल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पहिल्या दारात उभ्या राहिलो.

"या, या, बसा!" घरातल्या बाईने लगबगीने खुर्ची पुढे केली. हातांची, लाकडी, ऐटबाज खुर्ची. ताई बसली. मी तिच्या मांडीवर. खुर्चीच्या उजव्या हाताला एक खोल खोच होती, दगडावर आपटल्यासारखी. माझा तिरका कोपरा त्या खोचेत गेला आणि असा अलगद बसला की काय सांगू! मामाने मापच घेतलं असावं. माझं तोंड कायम वर, त्यामुळे मला भिंती दिसतात. भिंतीवर घड्याळ होतं. चार वाजून दहा मिनिटं. निळ्या काठाच्या कपबशीतून चहा आला. खुर्ची: खूण. घड्याळ: खूण. कपबशी: खूण.

ताईने दारावर खडूने आकडा घातला, तेवढ्यात मागच्या बाजूला काहीतरी धप्पकन वाजलं. आम्ही दुसऱ्या घरात शिरलो. "या, या, बसा!" ताई बसली आणि माझा कोपरा पुन्हा एका खोचेत अलगद गेला.

मी चमकले. वर पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं.

तिसरं घर. चौथं घर. मित्रांनो, आम्ही पुढच्या दाराने जात होतो आणि आमच्या आधी मागच्या दाराने खुर्ची, घड्याळ आणि कपबशी पळत होती! नवव्या घरात तर घड्याळ अजून झोके घेत होतं आणि ते टांगणारी बाई धापा टाकत म्हणत होती, "काही नाही हो, जरा केर काढत होते." मला हसू आवरेना. पण फळीचं हसू कोणाला ऐकू जातं? ताईची मान कागदावर. तिचं पहिलंच काम, ऊन रणरणतं, पोटात एकोणसाठ घरांचा चहा. तिला वाटलं, गल्ली टापटिपीची आहे, एकाच दुकानातून सगळ्यांनी खरेदी केली असेल.

एकोणसाठ म्हणते आहे, कारण सदतिसाव्या घराला कडी होती.

दुसऱ्या दिवशी कचेरीत बेरीज झाली. गल्लीत पंधराच घरं गरजू निघाली. त्या पंधरांत तर खुर्ची, घड्याळ, कपबशी येऊनही चौथी खूण काही भरली नव्हती. शंभरात पंचवीस. चढावर चाळीस. म्हणजे दवाखाना चढावर. आमच्या साहेबांना सगळे आकडेसाहेब म्हणत, ते म्हणाले, "ते एक घर राहिलंय ना, तेवढं भरून आणा. परवा अहवाल वर जाईल."

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सदतिसाव्या घरी गेलो. एकाच घरासाठी कुठे चिठ्ठी द्यायची, म्हणून ताईने दिली नाही. तिच्या हातून झालेला हा सगळ्यात चांगला आळस.

दार उघडलं ते टोपलीआजीने. गल्लीतली सगळ्यात म्हातारी, बोटांना वेताचे घट्टे. आत तिची सून भिंतीला टेकून बसली होती. आठवा सरत आलेला, पाय सुजून पाव झालेले.

"आजी, परवा कुठे होतात? दाराला कडी होती."

"हिला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेलो होतो गं. उजाडताना निघालो. टेकडीवर ही दोनदा मटकन खाली बसली. मी म्हटलं, बाळा, अजून थोडा दम धर, इथे दगडावर येऊ नकोस." आजी हसली, पण हसताना तिचा हात सुनेच्या पायावर होता. मग एकदम तिला भान आलं. "अगं बाई! तू सांगून का नाही आलीस? आता तुला बसवू कशावर? खुर्ची आज धुणेवालीकडे आहे."

"कुठली खुर्ची?"

"अगं, आपली. गल्लीची."

एवढ्यात मागच्या दाराने धुणेवाली शेजारीण खुर्ची डोक्यावर घेऊन घुसली. "घे आजी, घे लवकर, ती मोजणीवाली वळली बघ या बाजूला–" आणि ताईला पाहून तिचं तोंड उघडंच राहिलं. खुर्ची डोक्यावरच राहिली.

ताईने खुर्ची उतरवून घेतली. खाली ठेवली. बसली. मला मांडीवर घेतलं, आणि माझा कोपरा आपल्या जागी गेला. ताईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग खोचेकडे. त्या खोचेवरून तिने बोट फिरवलं.

"ही परवा पहिल्या घरात होती."

"होती," शेजारीण म्हणाली.

"आणि त्रेचाळिसाव्या."

"तिथेही होती. तिथे तर पाय मुरगळला माझा हिच्यापायी."

"आणि घड्याळ?"

"ते बंदच आहे हो. पण भिंतीला शोभतं."

ताई खो खो हसत सुटली. आजी हसली, सून पोट धरून हसली, शेजारीण तर दारातच बसली. मग आजीने खुर्चीचं कुळ सांगितलं. काही वर्षांपूर्वी ती पुरात वाहत आली आणि गल्लीच्या काठाला लागली. नदीने दिलेली वस्तू एकाची नसते, सगळ्या गल्लीची असते, असा तिथला नियम. तेव्हापासून ज्याच्या घरी पाहुणा, त्याच्या घरी खुर्ची. बायकांनी तिच्यावर गाणंही रचलं होतं. शेजारणीने तिथल्या तिथे म्हणून दाखवलं:

खुर्चीबाई, खुर्चीबाई, आज कुणाच्या घरी?
पाहुणा ज्याच्या दारी गं, मी त्याच्याच पदरी.

हसता हसता ताईचा चेहरा उतरला. "आजी, तुम्हाला दवाखाना नको होता का?"

"नको कसा? देव पाण्यात घालून बसलोय."

"मग हे असं का केलंत?"

आजीला कळेना. "पण दवाखान्याचा खुर्चीशी काय संबंध?"

मित्रांनो, त्या एका प्रश्नावर माझा चाप गार पडला. आम्ही साठ दारांना चिठ्ठ्या दिल्या होत्या, पण कशासाठी मोजतो आहोत, हे एकाही दारात सांगितलं नव्हतं. ताईने मग सगळं समजावलं. खुणा, चाराची रेघ, शंभरातली किती. ऐकता ऐकता दाराशी दहा-बारा बायका जमल्या. शेजारणीचं हसू मावळलं होतं.

"म्हणजे आता कागदावर आम्हाला भिकारी लिहिणार का?" ती फणकारली. "आम्ही कोणापुढे हात पसरलेला नाही, सांगून ठेवते. राहू दे तो दवाखाना तिकडेच!"

सगळ्यांच्या मनातलंच ती बोलली होती. तेव्हा आजी म्हणाली, "अगं, दवाखान्यात काखेत काचेची नळी घालतात, तेव्हा लाजतेस का तू? ताप असला तर नळी दाखवणारच. त्यात तापलेल्याचा काय अपमान? आपण काय केलं ठाऊक आहे? नळी गार पाण्यात बुडवून डॉक्टरच्या हातात दिली. आणि वर विचारतो, औषध का नाही देत?"

शेजारीण सुनेच्या सुजलेल्या पायांकडे बघत राहिली. मग पदर खोचून म्हणाली, "चल ताई, माझ्या घरापासून धर. आणि खाली बस. चटई आहे माझ्याकडे, माझी स्वतःची."

पण ताईला आधी कचेरी गाठायची होती. चुकीची पाहणी कबूल करायची, तीही पहिल्याच नोकरीत! वाटेत तिने मला छातीशी इतकं घट्ट धरलं होतं की तिचं काळीज माझ्या पाठीवर दार ठोठावत होतं.

आकडेसाहेबांनी सगळं ऐकून चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही मोजलंत काय? साठ घरं?"

"नाही साहेब. एक खुर्ची. एकोणसाठ वेळा."

साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण त्यांनी ते वर येऊ दिलं नाही. "तुमच्या नावापुढे लाल शेरा पडेल."

"पडू दे, साहेब. पण मोजणी पुन्हा करू द्या."

"आठ दिवस देतो. पण नुसती गल्ली नाही. चढावरची दोनशे घरंही पुन्हा मोजा, अशीच न सांगता जाऊन, खाली बसून. एकाला खुर्चीवर बसून मोजायचं आणि दुसऱ्याला जमिनीवर, असलं माप मला नको."

तेव्हा मला साहेबांचा राग आला होता. आज त्यांचे आभार मानते. माप दोघांना एकच हवं, नाहीतर तुलना कसली? आठ दिवस ताई चढ चढली आणि उतरली. पायांना फोड आले. चढावरच्या एका दगडफोड्या बाईने टोमणाही मारला, "काय हो, आमचं घर पहिल्यांदा दिसलं नव्हतं का?" ताईने तिलाही कशासाठी मोजतो ते बसून सांगितलं. त्या बाईने शेवटी आम्हाला पाणी दिलं, आणि माझ्यावरची धूळ आपल्या पदराने पुसली.

आकडे आले. चढावर दोनशेपैकी शहात्तर, शंभरात अडतीस. गल्लीत साठपैकी एकोणचाळीस, शंभरात पासष्ट. ताईने खुर्चीच्या प्रश्नासमोर साठही घरांना फुली मारली आणि खाली समासात लिहिलं: "खुर्ची एक. साठ घरांची." अहवालाच्या तळाशी आणखी एक ओळ घातली: "चढावरही शंभरातली अडतीस घरं आहेत, हे विसरू नये." ती ओळ साहेबांनी स्वतःच्या हाताने अधोरेखित केली. लाल शेरा मात्र काढला नाही. नियम म्हणजे नियम.

पेटी बांधलेलीच होती. तीन आठवड्यांत गल्लीच्या तोंडाशी एका खोलीत दवाखाना उघडला, आणि आठवड्यातून दोन दिवस परिचारिका पेटी घेऊन चढावर जाऊ लागली. खोलीत टेबल होतं, खाट होती, पण विभाग परिचारिकेला खुर्ची द्यायला विसरला. गल्लीने एका मिनिटात सोय केली. ती कोणती, ते सांगायला नको.

पाचव्या दिवशी टोपलीआजीची सून त्याच खाटेवर बाळंत झाली. मुलगी. टेकडीवरच्या दगडावर नव्हे, छपराखाली, जाणत्या हातांत. तिच्या वजनाचा कागद लिहायला परिचारिकेला काही आधार सापडेना, तेव्हा ताईने मला पुढे केलं. माझ्या अंगावर लिहिलेला तो सगळ्यात हलका आकडा आणि सगळ्यात जड कागद.

पुढची वीस वर्षं मी ताईच्या मांडीवर काढली. किती दारं, किती अंगणं, किती हातांचं पाणी! ताई नंतर कधीच चिठ्ठी देऊन गेली नाही, आणि कशासाठी मोजतो ते सांगितल्याशिवाय तिने पेन उघडलं नाही. मग काचेच्या पाट्या आल्या, बोट लावलं की लिहिणाऱ्या. ताईला बढती मिळून ती दुसऱ्या शहरात गेली आणि गडबडीत मी मागे राहिले. कचेरीच्या शिपाईकाकांनी मला चहाची तबकडी केली. ती सतरा वर्तुळं तिथली. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला डोळे भरून आले. पण थंडीत पाठीवर गरम पेले टेकत, तेव्हा बरं वाटे. काका मला रोज पुसत, हेही खरं. कोणी टाकून दिलं नाही, जाळलं नाही. एवढं कमी का?

ताई निवृत्त झाली त्या दिवशी निरोप घ्यायला जुन्या कचेरीत आली. चहा आला. तिने पेला उचलला, खाली पाहिलं आणि तिची नजर माझ्या तिरक्या कोपऱ्यावर थांबली. शंभर फळ्यांत ओळखेन, असं म्हणाली होती ना? शब्दाची पक्की. "काका, ही मी नेऊ?" एवढंच ती म्हणाली.

घरी नेऊन तिने मला कपाटात ठेवलं असतं तरी मी सुखाने राहिले असते. पण दुसऱ्याच दिवशी ती मला घेऊन नदीकाठी गेली. दवाखान्याला आता तीन खोल्या आहेत. गल्लीत बऱ्याच घरांत खुर्च्या आल्या आहेत, चालू घड्याळंही आली आहेत. टोपलीआजी नाही राहिली. पण दवाखान्याच्या दाराशी, उजव्या हाताला खोच असलेली ती जुनी खुर्ची अजून आहे, आणि त्या दिवशी तिच्यात एक तरुण आई बसली होती. मांडीवर टोचून घ्यायला आणलेलं तान्हं बाळ. ताईने तिच्या कपाळाकडे, हनुवटीकडे पाहिलं आणि विचारलं, "तू टोपलीआजीची नात ना गं?"

"हो. तुम्ही कशा ओळखता?"

"तुझं पहिलं वजन मला अजून पाठ आहे," ताई म्हणाली आणि मला तिच्या हातात दिलं. "धर जरा. बाळाचा कागद यावर लाव."

तेव्हापासून मी इथेच आहे, मित्रांनो. बाळांच्या वजनाचे कागद माझ्या चापात असतात. तुम्हाला माझं एकच मागणं आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कोणी साहेब होईल, कोणी कुणाला मोजायला निघेल. माणसाला मोजायचं तर त्याच्या शेजारी खाली बसा, कशासाठी मोजता ते आधी सांगा, आणि सगळ्यांना माप एकच लावा. आणि घरी माझ्यासारखी एखादी जुनी, तिरक्या कोपऱ्याची वस्तू असेल, तर टाकण्याआधी एकदा तिच्यावरून हात फिरवा. तिचा कोपरा कुठल्या खोचेसाठी घडला आहे, कोणास ठाऊक!

त्या दिवशी आजीच्या नातीने मला मांडीवर घेतलं, कागद लावला, आणि बाळ सांभाळता सांभाळता मला खुर्चीच्या हाताला टेकवलं.

माझा कोपरा अलगद आत गेला.

मी वर पाहिलं. भिंतीवर ते जुनं घड्याळ होतं. चार वाजून दहा मिनिटं.

अजून बंदच आहे. पण भिंतीला शोभतं.